भागीकाकीच्या भिंतीवरचा तक्ता

१९९८ साली मी खेडमधल्या एका लहानशा खाजगी रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून रुजू झाले, तेव्हा आहारतज्ज्ञ म्हणजे नेमकं काय, हे त्या इमारतीत दोघांनाच ठाऊक होतं. एक मी आणि दुसरे मला नेमणारे मोठे डॉक्टर. त्यातही डॉक्टरांना पुरती खात्री नव्हती, हे मला पुढे कळलं. पेशंट तर मला स्वयंपाकाच्या बाई समजत. पहिल्याच आठवड्यात एका आजोबांनी मला खाटेजवळ बोलावून घेतलं आणि म्हणाले, "बाय, कालची आमटी झकास झाली हो, पण भात जरा मोकळा करीत जा." मी मुंबईत जाऊन शिकून आलेली, अंगात पांढरा कोट, हातात फाइल. मी त्यांना माझं पद नीट समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं, मग आमटी कोण करतो, त्याला सांगा ना भाताचं."

पुढे 'पथ्याच्या बाई' असं नाव पडलं आणि ते निवृत्तीपर्यंत टिकलं.

काम तसं सांगायला सोपं आहे. डॉक्टर गोळी लिहून देतात, मी ताट बदलायचं. फरक एवढाच की गोळी गिळायला घोटभर पाणी पुरतं, पण ताट बदलायला सासू, सून, मुंबईचा मुलगा आणि शेजारीण अशा सगळ्यांची परवानगी लागते. रक्तदाबाचे पेशंट सगळ्यांत जास्त. त्यांना मी पुस्तकात शिकवलेला पहिला प्रश्न विचारत असे, "मीठ किती खाता?" आणि सगळे एकच उत्तर देत, "छे, छे, मीठ नाहीच." सहा महिने मी फाइलींवर 'मीठ : अल्प' असं सुवाच्य अक्षरात लिहीत राहिले. आपल्या भागातले लोक किती समंजस, याचा मला अभिमानही वाटू लागला होता.

मग एका दुपारी बाहेरच्या बाकावर माझाच एक पेशंट डबा उघडून बसलेला दिसला. डब्यात भात, भाजलेला सुका बांगडा, दोन खारातल्या मिरच्या आणि पापड. मी म्हटलं, "काका, तुम्ही तर मीठ खात नाही म्हणालात." त्यांनी डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा डब्यात पाहिलं आणि खरोखरच गोंधळून विचारलं, "ह्यात मीठ कुठं हाय?" मीठ म्हणजे ताटाच्या कडेला वाढतात ती चिमूट, एवढंच त्यांच्या लेखी मीठ होतं. त्या दिवसापासून मी प्रश्न बदलला. घरात माणसं किती आणि मिठाची बरणी किती दिवसांनी भरता? उत्तरं ऐकून माझंच रक्त चढू लागलं.

त्याच सुमारास माझ्या डोक्यात पोटॅशियम शिरलं.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मिठातलं सोडियम अंगात पाणी धरून ठेवतं आणि रक्ताचा दाब वाढवतं. पोटॅशियमचं काम बरंचसं याच्या उलटं. ते मूत्रपिंडांना जादा सोडियम बाहेर टाकायला मदत करतं आणि रक्तवाहिन्यांना थोडं सैल सोडतं. म्हणून रक्तदाबाच्या माणसानं मीठ कमी करावं आणि पोटॅशियम असलेले पदार्थ जरा वाढवावेत. हे पदार्थ कोणते? केळी, शहाळं, रताळी, कुळीथ, पालेभाज्या, फणसाच्या आठळ्या. म्हणजे आमच्याकडे परसदारी जे जे म्हणून उगवतं ते सगळं! न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली केळ आणि मागच्या दारचा माड, एवढ्यावर मी जिल्ह्याचा रक्तदाब उतरवणार होते. शिवाय आयुष्यात प्रथमच मला 'हे खाऊ नका' याऐवजी 'हे खा' असं सांगायला मिळत होतं. लोक माझ्याकडे हसतमुखानं बघू लागले. या हसतमुखांनी माझं डोकं फिरवलं, असं आज वाटतं.

मी एक तक्ता तयार केला. सकाळी एक शहाळं. न्याहारीला एक केळं, दुपारी एक. रोज एक पालेभाजी, आठवड्यातून तीनदा कुळीथ. भाजी शिजवलेलं पाणी टाकू नये, कारण पोटॅशियम त्या पाण्यात उतरतं. लोणचं, पापड, सुकी मासळी बंद. साधं मीठ निम्मं करावं आणि मिळत असल्यास मुंबईहून कमी सोडियमचं मीठ मागवावं. या मिठात सोडियम कमी करून त्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. अशा दहा ओळी होत्या. अकरावी ओळ माझ्या हौसेची. 'हे पथ्य आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही सांगा.' खाली माझं नाव, पदवी आणि लफ्फेदार सही. झेरॉक्स काढून गठ्ठाच करून ठेवला.

एक गोष्ट त्यात नव्हती. मूत्रपिंडं दुबळी असतील तर पोटॅशियम अंगाबाहेर पडत नाही, रक्तात साठतं आणि फार वाढलं तर हृदयाचे ठोकेच बिघडवतं. रक्तदाबाच्या काही गोळ्याही ते अंगात राखून ठेवतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. यावर मी परीक्षेत पान भरून उत्तर लिहिलं होतं आणि गुणही चांगले मिळाले होते. पण डॉक्टर माझ्याकडे पाठवायचे ते पेशंट त्यांनी आधीच तपासलेले असत, म्हणून मला विचारावं लागत नसे. आणि खरं सांगायचं तर तक्त्यात जागा उरली नव्हती. सहीनं खाल्ली होती.

आता साळवी गुरुजी. खेडपासून आत, एसटी दिवसातून तीनदा जाते अशा एका गावचे निवृत्त प्राथमिक शिक्षक. वय सत्तरीच्या आसपास, टोपी पांढरीशुभ्र, रक्तदाब चांगलाच चढलेला. त्यांनी माझा तक्ता उभ्यानं वाचला, खिशातून पेन काढलं, 'पालेभाजी'चा राहिलेला काना दिला आणि म्हणाले, "बाकी ठीक आहे. उद्यापासून अंमल करतो." तीन महिन्यांनी आले तेव्हा दाब उतरला होता आणि डॉक्टरांनी त्यांची गोळी कमी केली. गुरुजी माझ्यासमोर येऊन म्हणाले, "बाई, तुमच्या तक्त्यानं माझा दाब उतरवलान हो. चाळीस वर्षं मुलांना आरोग्यशास्त्र शिकवलं, पण ते खरं असतं हे आज कळलं." मी इतकी फुगले की त्या दिवशी माझा रक्तदाब मी कुणाला मोजू दिला नसता. गुरुजींनी लोणचं सोडलं होतं, रोज दोन मैल चालायला लागले होते, या गोष्टी मी ऐकल्या आणि सोडून दिल्या. सगळं श्रेय केळ्यांना, म्हणजे मला.

ते दोन मैल कशासाठी चालत, हे मी विचारायला हवं होतं. गुरुजी अकराव्या ओळीचा अंमल करत होते. वरून आलेलं परिपत्रक पाळायचं असतं, ही त्यांची आयुष्यभराची सवय. ते रोज दुपारी रेघी कागदावर माझा तक्ता स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून काढत आणि संध्याकाळी वाडीवाडीनं फिरून 'ज्याला ज्याला प्रेशर आहे' त्याला देत. वर त्या माणसाचं नाव, खाली माझं नाव. त्यांचा मुलगा मुंबईहून ते कमी सोडियमचं मीठ आणायचा, त्याच्याही पुड्या बांधून सोबत देत. असे बत्तीस तक्ते त्यांनी वाटले. मला पत्ताच नव्हता.

पत्ता लागला तो एका सकाळी. बाह्यरुग्ण विभागात गर्दी असताना जीपमधून एका बाईंना उचलून आणलं. पायांत त्राण नाही, नाडी अगदी मंद. साठीच्या आतबाहेरच्या, अंगानं काटक, पावलं सुजलेली. नाव भागीरथी, सगळा गाव भागीकाकी म्हणत असे. मुलगा मुंबईला नोकरीत, घरी ही आणि सून. डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी सुनेला विचारलं, "खाण्यात काय आहे यांच्या?"

सून घाबरलेली होती, पण उत्तर तिनं खणखणीत दिलं. "सकाळी एक शहाळं. न्याहारीला एक केळं, दुपारी एक. रोज एक पालेभाजी, आठवड्यातून तीनदा कुळीथ. भाजी शिजवलेलं पाणी टाकू नये." मी दारात उभी होते. माझं वाक्य न् वाक्य, शाळेत कविता म्हणावी तसं तिच्या तोंडून येत होतं. शेवटी ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमच्याच पथ्यावर हायत ना, बाय. साळवी गुरुजींनी कागद लिवून दिलानी. येक दीस चुकवलानी नाय."

भागीकाकींना मधुमेह होता. वर्षभरापूर्वी मुलाकडे राहिल्या असताना तिथल्या डॉक्टरांनी मूत्रपिंडं दुबळी झाल्याचं सांगून गोळ्या सुरू केल्या होत्या. त्या नेमक्या पोटॅशियम राखून ठेवणाऱ्या. त्यांनी ताटाविषयीही काही सांगितलं असणार, पण ते मुंबईच्या ताटाविषयी असेल असं समजून भागीकाकी गावी आल्या होत्या. रक्ताचा अहवाल आला. पोटॅशियमचा आकडा मी पुस्तकात 'धोका' या शब्दाशेजारी पाहिला होता.

मी बोळात डॉक्टरांना गाठलं आणि म्हटलं, "पण सर, यांना मी कधी पाहिलेलंच नाही."

"तेच म्हणतोय मी," डॉक्टर म्हणाले आणि आत गेले.

माझ्या नोकरीत मला बोलणी खावी लागली नाहीत असं नाही, पण हे वाक्य आठवलं की अजून कान तापतात. त्या दिवशी माझ्या हाताला काही काम नव्हतं. शिरेतून इंजेक्शनं, पोटॅशियम उतरवायला सलाइनमधून इन्सुलिन आणि साखर, दर थोड्या वेळानं आलेख. हे सगळं इतर लोक करत होते. दुपारपर्यंत ठोके सुधारले नाहीत तर मुंबईला हलवायचं आणि घाट ओलांडेपर्यंत बाई टिकेल की नाही सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी सुनेला सांगितलं. मी पायऱ्यांवर जाऊन बसले. पहिल्यांदा मला गुरुजींचा राग आला. मग तक्त्याची अकरावी ओळ आठवली. ती ओळ लिहिताना आपण किती खूश होतो, तेही आठवलं आणि मला रडू आलं.

दुपारच्या एसटीनं गुरुजी आले. गावात बातमी पोचली होती. टोपी हातात घेऊन ते माझ्याशेजारी पायरीवर बसले. मग म्हणाले, "तिला मी शिकवलंय, बाई. माझी नोकरीची पहिली वर्षं. हुशार होती हो. दुसरीतून बापानं काढलीन, धाकटा भाऊ सांभाळायला." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "तुम्ही लिहिलंत ते पेशंटसाठी होतं. मी कॉपी केली. मुलांना त्यासाठी छड्या मारल्यात मी." मी त्यांचा हात धरून बसून राहिले.

तीनच्या सुमारास ठोके ताळ्यावर येऊ लागले. संध्याकाळच्या चहाच्या वेळेला भागीकाकींनी डोळे उघडून पहिला प्रश्न विचारला, "माजा शाळा कुठाय?" शाळा म्हणजे शहाळं. मला हसूही आलं आणि अंगावर काटाही.

त्यांना आठवडाभर ठेवून घेतलं. नवीन पथ्य समजावून सांगायला मीच गेले. आता सगळं उलटं. केळं नको, शहाळं नको, ते मीठ नको. भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडायची आणि ते पाणी टाकून द्यायचं. भागीकाकींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आदी म्हणालात पानी टाकू नको. आता म्हणता टाक. बाय, तुमचा नक्की काय ता ठरवा." बाजूच्या खाटेवरची बाई तोंडाला पदर लावून हसली. मी म्हटलं, "ठरलं, काकी. चूक माझी होती." आयुष्यात पेशंटला हे वाक्य म्हणायची ती माझी पहिली वेळ. वाटतं तितकं जड नसतं ते.

तिकडे गुरुजी पुन्हा वाडीवाडीनं फिरत होते, या वेळी तक्ते परत घ्यायला. परीक्षेच्या उत्तरपत्रिका गोळा कराव्यात तसे क्रमवार लावून त्यांनी माझ्या टेबलावर आणून ठेवले आणि म्हणाले, "एकतीस. एक कमी आहे." एकतीसही जणांना आम्ही बोलावून घेऊन तपासलं. आणखी दोघांची मूत्रपिंडं पुरती धड नव्हती. ते दोघं वाचले ते पथ्य न पाळल्यामुळे. एकानं प्रामाणिकपणे सांगितलं, "कागद ठेवलाय जपून, पण शहाळी आमी इकतो, खात नाय." आपलं कुणी ऐकत नाही याचा मला इतका आनंद कधीच झाला नव्हता.

उरलेला बत्तिसावा तक्ता भागीकाकींचा. तो त्या द्यायला तयार नाहीत, असं गुरुजी म्हणाले. म्हणून एका रविवारी मी त्यांच्याबरोबर गावी गेले. मला तो कागद त्या घरात राहू द्यायचा नव्हता. सून माहेरी गेली, शेजारच्या पोरीनं भिंतीवरचं वाचून दाखवलं आणि काकी पुन्हा त्या मार्गाला लागल्या, तर दुसऱ्या वेळी आम्ही वेळेवर पोचू याची काय खात्री?

मातीचं सारवलेलं घर, स्वच्छ. तक्ता देव्हाऱ्याशेजारी भिंतीवर होता, भाताच्या खळीनं चारी कडा चिकटवलेला. मी नखानं एक कोपरा उचकटून पाहिला. कागदाबरोबर मातीचा पोपडा आला.

"ऱ्हावं दे, बाय," भागीकाकी म्हणाल्या. "माज्या नावाचा हाय तो."

"काकी, त्यानंच तुम्हांला एवढा त्रास झाला ना?"

"झाला. पण गुरुजींनी मना लिवून दिलानी. शाळंत व्हते तवा घरी येऊन काय लिवायचा तर पाटी धाकट्यानं फोडलान. मंग शाळाच सुटली. ह्या वक्ताला म्हटला, येक बी वळ चुकवायची नाय. सुनेला रोज सांजचा इचारायचे, समदा झाला का?" मग त्या गुरुजींकडे वळल्या. "चुकला का काय माजा?"

गुरुजी भिंतीकडे बघत उभे होते. मला इतका वेळ कळलं नव्हतं की मरता मरता वाचलेली ही बाई पथ्य करत नव्हती, अभ्यास करत होती. पन्नास वर्षं राहिलेला अभ्यास. आणि विषय माझा होता.

गुरुजींनी खिशातून तांबडी पेन्सिल काढली. सवयीनं ती त्यांच्या खिशात असेच. भिंतीशी वाकून त्यांनी केळ्यावर फुली मारली, शहाळ्यावर मारली, कुळथावर, मिठावर, 'पाणी टाकू नये' यावर. प्रत्येक फुलीला काकींना मोठ्यानं सांगत होते, हे काय आणि आता काय करायचं. फुली म्हणजे नाही, हे तिला वाचता येत होतं. दुसरीतल्या मुलीसारखी ती मान डोलवत होती. अकराव्या ओळीपाशी ते थांबले. मी म्हटलं, "मारा गुरुजी." त्यांनी दोनदा मारली.

मग वर, तिच्या नावापुढे, त्यांनी दहापैकी दहा लिहिलं. आकडे तिला चांगले येत होते. तिनं पदर सारखा केला आणि खाली माझ्या नावावर बोट ठेवलं.

"आनि बायना?"

गुरुजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "उत्तर बरोबर होतं," ते म्हणाले. "पण बाईंनी प्रश्नच वाचलानी नाही." आणि माझ्या सहीवर त्यांनी पेन्सिल टेकवली. किती द्यावेत याचा विचार करत ते तसेच थांबले. मी खरंच सांगते, मुंबईच्या परीक्षेतही माझं काळीज असं धडधडलं नव्हतं.

भागीकाकी म्हणाल्या, "करा पास, गुरुजी. मी मेले नाय ना."

त्यांनी साडेतीन दिले. मी ते घेतले आणि दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक पेशंटला पथ्य देण्याआधी पहिला प्रश्न मूत्रपिंडांचा विचारू लागले.